महागडी युरोपीय रिव्हॉल्व्हर: मान्यूरँ आणि कोर्थ नेमके कशाचे पैसे घेतात

.३५७ मॅग्नम या ताकदवान काडतुसाचे चांगले अमेरिकन रिव्हॉल्व्हर, म्हणजे स्मिथ अँड वेसनचे ६८६ किंवा रुगरचे जीपी १००, साधारण हजार डॉलरच्या आसपास मिळते. फ्रान्सच्या मान्यूरँ एमआर ७३ साठी तीन हजारांच्या वर मोजावे लागतात आणि जर्मनीचे कोर्थ सहसा त्याहूनही महाग पडते. ही जास्तीची रक्कम अचूकतेसाठी असते असे समजून कोणी घेणार असेल, तर त्याने आधीच थांबावे. २५ मीटरवर धड अवस्थेतले ६८६ बहुतेक नेमबाजांच्या हातापेक्षा अचूकच असते. युरोपीय कारखाना पैसे घेतो ते दोन गोष्टींचे: झीज उशिरा होण्याचे आणि चापाच्या (ट्रिगरच्या) ओढीचे.

आधी झिजेविषयी. रिव्हॉल्व्हर प्रत्येक फैरीला थोडे थोडे सैल होत जाते. सिलिंडर मागेपुढे आपटतो, त्याला पेलणारा क्रेन दबतो, सिलिंडर फिरवणारा पंजा आणि त्याचे दाते घासतात, सिलिंडरला जागेवर अडवणाऱ्या खाचांच्या कडा बोथट होतात. मग चेंबर, म्हणजे काडतूस बसते ते सिलिंडरमधले भोक, नळीसमोर किंचित तिरपे थांबते, गोळी फोर्सिंग कोनच्या, म्हणजे नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडाच्या, एका कडेला घासून आत शिरते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. स्मिथच्या जुन्या मॉडेल १९ मध्ये आणखी एक अडचण होती. क्रेनला जागा मिळावी म्हणून फोर्सिंग कोनची खालची बाजू सपाट कापलेली होती. नेमका तोच पातळ भाग हलक्या वजनाच्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी तडकत असे. एल नावाची थोडी मोठी फ्रेम (रिव्हॉल्व्हरचा सांगाडा) आणि तिच्यावरचे ६८६ आले ते हा प्रश्न सोडवण्यासाठी.

एमआर ७३ ने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले, आणि आमच्या मते जास्त सुबक. फ्रेम फार न वाढवता पोलाद, उष्णसंस्कार आणि जुळणी यांवर मेहनत घेतली. चार इंची नळीसह वजन साधारण ९५० ग्रॅम, म्हणजे ६८६ पेक्षा हलके. नळी थंड अवस्थेत ठोकून घडवलेली. १९७३ मध्ये अल्सासमधल्या म्युलूझ येथे हे रिव्हॉल्व्हर बनू लागले आणि जाँदार्मरी या फ्रेंच निमलष्करी पोलिस दलाच्या जीआयजीएन या विशेष पथकाने ते उचलले. त्या पथकाचा सराव पूर्ण ताकदीच्या मॅग्नम काडतुसांवर चालायचा, तोही रोज आणि भरपूर. ही मागणी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले हत्यार आजही तसेच वाटते. आता ते शापुई आर्म या कंपनीकडे तयार होते.

आतली यंत्रणा ओळखीची आहे, स्मिथच्या वळणाची. मुख्य फरक चाप परत आणणाऱ्या भागात आहे. स्मिथमध्ये तिथे गुंडाळीची स्प्रिंग सरकत्या ठोकळ्यात बसते आणि घासते. मान्यूरँने पट्टीची स्प्रिंग आणि रोलर वापरले, त्यामुळे ठोकळा सरकताना खरखर जवळजवळ जाणवत नाही. घोड्याच्या (काडतुसावर आघात करणाऱ्या हॅमरच्या) मुख्य स्प्रिंगचा ताण आणि चापाच्या परतीचा ताण वेगवेगळ्या स्क्रूंनी बदलता येतो. मात्र चाप हलका हवा म्हणून मुख्य स्प्रिंगचा स्क्रू सैल करत नेणे ही हमखास बिघाडाची वाट आहे. घोडा कमी जोराने पडतो, कठीण प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) पेटत नाहीत आणि दोष काडतुसांच्या माथी मारला जातो. ताण बदलल्यावर कठीण प्रायमरची किमान ५० काडतुसे डबल अ‍ॅक्शनमध्येच, म्हणजे घोडा हाताने न चढवता फक्त चाप ओढून, मारून पाहावीत. एकही मुके गेले तर स्क्रू पाव फेरा आवळावा आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी.

कोर्थची गोष्ट वेगळी. विली कोर्थ यांनी १९५४ मध्ये राट्सेबुर्ग येथे सुरू केलेला हा कारखाना पुढे हेसेनमधल्या लोलार येथे गेला. यांचे खरे वैशिष्ट्य चापातला रोलर. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप घोड्याला या रोलरवरून उचलतो आणि वेगळा रोलर बसवला की घोडा सुटण्याच्या क्षणाआधीचा अडथळा बदलतो. कोणाला चाप एकसारखा सरकत जायला हवा असतो, कोणाला सुटण्याआधी बोटाला स्पष्ट टप्पा लागायला हवा असतो. दोन्ही मिळते, तेही कानस न लावता. साध्या रिव्हॉल्व्हरवर चांगला कारागीरही इतके नेमके काम क्वचितच साधतो.

कोर्थचा सिलिंडर हत्याराविना काढता येतो, त्यामुळे त्याच फ्रेमवर ९ मिलिमीटर ल्यूगरचा सिलिंडर चढतो. सराव स्वस्त होतो हे खरे. पण ९ मिलिमीटरची गोळी .३५५ इंची आणि नळी .३५७ ची, त्यामुळे नेम थोडा पसरू शकतो. शिवाय जास्तीचा सिलिंडर त्याच फ्रेमला जुळवून घेतलेला असावा लागतो. मागाहून सुटा मागवला तर कारखान्यात जुळणी करून घ्यावी.

विकत घेताना किमतीकडे पाहून तपासणी टाळू नये. रिव्हॉल्व्हर रिकामे आहे याची सहाही चेंबरमध्ये डोळ्यांनी खात्री करून घ्यावी. मग फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजावी, एकदा सिलिंडर मागे दाबून, एकदा पुढे. मागे दाबून ०.१ ते ०.१५ मिलिमीटर उत्तम, ०.२ च्या पुढे बाजूला फवारा जाणवतो. दोन मापांतला फरक ०.०५ पेक्षा कमी असावा. नंतर सिलिंडरला अंगठ्याने अगदी हलका अटकाव करत घोडा सावकाश मागे न्यावा. घोडा पूर्ण अडकण्याआधी सिलिंडर कुलूपबंद झाला पाहिजे, सहाही चेंबरवर. नव्या महाग रिव्हॉल्व्हरचे एकही चेंबर मागे पडले तर ते परत करावे. पोलिसांकडून आलेल्या जुन्या एमआर ७३ वर होल्स्टरने नळीच्या टोकाचा रंग गेलेला असतो, त्याची चिंता नको. फोर्सिंग कोनमध्ये भिंग आणि विजेरी घेऊन तड्याची केसासारखी रेघ शोधावी.

काही बाबतींत पैसा उपयोगी पडत नाही. काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या पावडरचा एक कण अडकला की तीन हजारांचे रिव्हॉल्व्हरही जाम होते. रिकामी काडतुसे काढताना नळी आभाळाकडे आणि दांड्याला एकच जोरदार धक्का, ही सवय लागते. याच चेंबरमध्ये बसणारी छोटी .३८ स्पेशल काडतुसे खूप मारल्यावर चेंबरमध्ये जमणारे काजळीचे कडेही ब्रशनेच काढावे लागते.

पैसे वसूल होतात का, हे फैरींच्या संख्येवर ठरते. मॅग्नम काडतूस अर्ध्या डॉलरला धरले तरी १०,००० फैरींचे ५,००० डॉलर होतात. इतके मारणाऱ्याला एमआर ७३ ची किंमत खटकू नये, उलट तेच योग्य. वर्षाला दोनचारशे .३८ मारणाऱ्याने ६८६ घ्यावे आणि त्याचा चाप जाणकाराकडून गुळगुळीत करून घ्यावा. कोर्थ त्याने घ्यावे ज्याची स्पर्धा डबल अ‍ॅक्शनवर ठरते, किंवा ज्याला उत्तम यंत्रकामाचे मनापासून अप्रूप आहे. दुसरे कारणही पुरेसे आहे.

एक अडचण मात्र दोन्हींना लागू आहे. स्मिथचे सुटे भाग सर्वत्र मिळतात, यांचे नाही, आणि दुरुस्तीसाठी कारखान्यात पाठवलेले रिव्हॉल्व्हर लवकर परत येईल असे धरून चालू नये. म्हणून व्यवहार करतानाच फायरिंग पिन, स्प्रिंगांचा एक संच आणि पंजा जास्तीचा मागून घ्यावा. पंजा जुळवून बसवावा लागतो, तेव्हा तो कोण बसवेल हेही तिथेच विचारून ठेवावे. होल्स्टर आणि स्पीडलोडर (सगळी काडतुसे एकदम भरण्याचे साधन) कोणत्या अमेरिकन फ्रेमचे चालतील हे प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.