कॅम बॉक्स ठेवावा की प्रोग्रामेबल लिमिट स्विच घ्यावा?

दोन्हींचं काम एकच: प्रेसचा क्रँक ठरावीक कोनावर आला की सिग्नल द्यायचा. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये हा प्रश्न बहुतेक वेळा जुन्या प्रेसला रोल फीडर (पत्र्याची पट्टी रोलमध्ये धरून डायमध्ये सरकवणारं यंत्र) जोडून वेग वाढवायचं ठरलं की निघतो. पिन किंवा रोलिंग-की क्लचची प्रेस असेल तर घाई करू नका. तो क्लच एकदा लागला की फेरा पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही, मग अचूक कोन कळूनही प्रेस मध्येच थांबवता येत नाही. खाली लिहिलंय ते न्यूमॅटिक क्लच-ब्रेकच्या प्रेससाठी. हायड्रॉलिक प्रेसला क्रँकच नसतो, तिथे गणित वेगळं.

कॅम बॉक्सची रचना सरळ आहे. क्रँकशाफ्टवरून चेनने एकास एक फिरणारा छोटा शाफ्ट, त्यावर कॅम, प्रत्येक कॅमला एक मायक्रोस्विच. बिघाड मीटर लावून सापडतो आणि सुटा भाग जवळच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. प्रोग्रामेबल लिमिट स्विचमध्ये, म्हणजे पीएलएसमध्ये, कॅमची जागा रिझॉल्व्हर किंवा ॲब्सोल्यूट एन्कोडर, म्हणजे शाफ्टचा कोन सांगणारा सेन्सर, घेतो. 0 अंश म्हणजे टॉप डेड सेंटर (रॅम सगळ्यात वर), 180 म्हणजे बॉटम (सगळ्यात खाली). कोणतं आउटपुट किती अंशावर चालू आणि किती अंशावर बंद, ते कीपॅडवर भरायचं.

खरा फरक वेगात दिसतो. एसपीएमला (मिनिटाला किती स्ट्रोक) 6 ने गुणलं की क्रँक सेकंदाला किती अंश फिरतो ते मिळतं. 40 एसपीएमला 240 अंश, 80 ला 480. आता प्रोग्रेसिव्ह डायमधलं, म्हणजे पट्टी टप्प्याटप्प्याने पुढे नेत काम करणाऱ्या डायमधलं, पायलट रिलीज घ्या. पायलट म्हणजे पट्टी नेमक्या जागी आणणारी पिन. पायलटचं टोक पट्टीच्या भोकात शिरतानाच फीडरचे रोल उचलले गेले पाहिजेत. आधी उचलले तर पट्टी सरकते. उशीर झाला तर रोलनी धरलेली पट्टी पायलट ओढतो, भोक लांबट होतं, कधी पायलटच तुटतो. व्हॉल्व्ह आणि सिलिंडर मिळून 50 मिलिसेकंद लागत असतील तर 40 एसपीएमला सिग्नल 12 अंश आधी द्यावा लागतो, 80 ला 24 अंश. कॅम मात्र एकाच कोनावर घट्ट बसलेला. म्हणून सेटर मधलाच कुठला तरी कोन धरतो आणि वेग बदलला की पुन्हा ॲलन की घेऊन बॉक्स उघडतो. स्पीड कॉम्पेन्सेशन असलेला पीएलएस हे ॲडव्हान्स, म्हणजे वेगानुसार सिग्नल आधी देणं, स्वतः करतो. माझ्या मते जादा पैसे मोजायचे ते याच एका गोष्टीसाठी.

दुसरा फायदा डाय बदलताना. जॉब नंबर टाकला की त्या डायची सेटिंग परत येते. जॉबवर्कवाल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. पण वर्षभर एकच डाय, एकच वेग आणि कॅमवर फक्त एअर ब्लो (तयार भाग हवेने उडवणं, म्हणजेच ब्लो-ऑफ) असेल, तर चालू कॅम बॉक्स काढण्यात अर्थ नाही.

रिझॉल्व्हर की एन्कोडर? प्रेससाठी मी रिझॉल्व्हर घेईन. त्यात नुसती वाइंडिंग असतात. ऑप्टिकल एन्कोडरची डिस्क आणि सेन्सर रोजच्या धक्क्यांपुढे नाजूक. इन्क्रिमेंटल एन्कोडर तर नकोच. मध्येच लाइट गेली की तो जागा विसरतो आणि पुन्हा होम (शून्याची जागा शोधणं) करत बसावं लागतं.

‘पीएलसी (मशीनचा प्रोग्राम चालवणारा कंट्रोलर) आहेच, त्यालाच एन्कोडर जोडू’ हा स्वस्त मार्गही लोक सुचवतात. पीएलसीचा स्कॅन, म्हणजे प्रोग्रामची एक फेरी, 10 मिलिसेकंदांचा असेल तर 80 एसपीएमला एका स्कॅनमध्ये क्रँक 4.8 अंश पुढे गेलेला असतो. ब्लो-ऑफला चालेल, पायलट रिलीजला नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. टॉप स्टॉप (रॅम वर आल्यावर प्रेस थांबवणं) आणि लाइट कर्टनचं (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) म्यूटिंग, म्हणजे तो ठरावीक वेळ बंद ठेवणं, साध्या पीएलएसच्या एका आउटपुटवर सोडू नका. तिथे दुहेरी चॅनेलचं, एकमेकांवर लक्ष ठेवणारं सर्किट हवं. यांत्रिक प्रेससाठी आयएसओ 16092-2 हे मानक आहे. कॅम बॉक्सची चेन तुटली तर कॅम जागच्या जागी थांबतात आणि टॉप स्टॉपचा सिग्नल येतच नाही. रिझॉल्व्हरचं कपलिंग सैल झालं तरी तोच धोका. म्हणून क्लच लागूनही कॅमचा किंवा रिझॉल्व्हरचा शाफ्ट फिरत नसेल तर प्रेस थांबवणारं मोशन डिटेक्शन दोन्हीकडे लागतं. ब्रेक लायनर झिजून थांबायचा वेळ वाढतो, तो पीएलएसच्या ॲडव्हान्समध्ये झाकू नका; ब्रेक मॉनिटर वेगळा लावा.

कोटेशन मागवताना चालू आणि बंद होण्याचं कॉम्पेन्सेशन वेगवेगळं भरता येतं का, ते विचारा. व्हॉल्व्ह उघडायला आणि मिटायला सारखाच वेळ लागेल असं नाही. कीपॅडला चावी किंवा पासवर्ड हवाच, नाहीतर रात्रपाळीत कोणीतरी आकडे हलवतो. आणि एक युनिट शेल्फवर राखीव ठेवायचा खर्च त्याच कोटेशनमध्ये धरा, कारण ते गावात लगेच मिळत नाही.