भरतीचे कोष्टक आणि आपली खाडी: एका मोबाइल ॲपचा अनुभव

कोकणच्या किनाऱ्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारे एक मोफत मोबाइल ॲप मी वर्षभर वापरत आहे. उघड्या किनाऱ्यापुरते ते भरवशाचे असून त्याच्या वेळा आजोबांच्या ‘तिथीच्या पाऊणपट तास’ या हिशेबाशी बऱ्याच जुळतात. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, हे दोन्हीकडे सारखेच निघते.

अडचण येते ती ठिकाण बदलल्यावर. खाडीच्या तोंडाशी असलेल्या दाभोळची वेळ पाहून आम्ही आत चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या बाजूला होडी लोटायला गेलो, तेव्हा धक्क्याखाली नुसता चिखल होता आणि कडेला खेकडे फिरत होते. वाशिष्ठीच्या खाडीत पाणी आत चढायला वेळ लागतो, हे ॲपने विचारात घेतलेच नव्हते. उंचीचेही तसेच आहे: मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जाते, तर गोव्यातील मुरगावला ते जेमतेम दोन-सव्वादोन मीटर भरते, त्यामुळे मुंबईचे आकडे दक्षिणेकडे जसेच्या तसे नेणे चुकीचेच.

याउलट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील वार्षिक कोष्टकांत मुख्य बंदरांचे रोजचे अंदाज असतात आणि लहान बंदरांसाठी वेळेचा व उंचीचा फरक वेगळा दिलेला असतो. तो मिळवण्या-वजा करण्याचे काम किचकट आहे खरे, पण पावसाळी वारा आणि नदीचा पूर यांमुळे पडणारा फरक सोडला, तर उत्तर पटण्याजोगे येते. ॲपमध्ये निदान स्वतःचा फरक भरण्याची सोय हवी होती. तूर्त माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.