कोल्यूरमध्ये आठ दिवस : बीचला तीन स्टार, पायवाटेला पाच

आधीच सांगते, फ्रान्सचा दक्षिण किनारा म्हणलं की डोळ्यांसमोर मऊ वाळू, रंगीत छत्र्या वगैरे येतं ना, ते डोक्यात ठेवून कोल्यूरला जाऊ नका. आम्ही तेच ठेवून गेलो आणि पहिल्याच दुपारी चौघंही एकमेकांवर चिडून बसलो होतो. बीच आहे, अगदी गावात आहे, पण गोट्यांचा. लेकीने चप्पल काढून चार पावलं टाकली आणि "आईगं" करत परत आली, सासूबाई भिंतीवर बसून म्हणाल्या, "अगं, इथे बसायचं कसं, पाठीला टोचतंय सगळं". नवरा गप्प, कारण बुकिंग त्याने केलेलं.

तर कोल्यूर म्हणजे फ्रान्सचा पार खालचा कोपरा, भूमध्य समुद्र आणि पिरेनीज डोंगर जिथे एकमेकांना भिडतात तिथलं छोटं गाव, स्पेनची हद्द अगदी जवळ. हा भाग मूळचा कॅटलन भाषेचा, १६५९ च्या तहात स्पेनकडून फ्रान्सकडे आला, त्यामुळे पाट्या दोन भाषांत आणि कॅटलन झेंड्याचे पिवळे-लाल पट्टे सगळीकडे. पॅरिसहून टीजीव्ही ह्या वेगवान ट्रेनने पाच-साडेपाच तासांत पर्पिन्याँ, तिथून लोकल ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. गाडी भाड्याने घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. आम्ही पहिले दोन दिवस घेतली होती, पार्किंग शोधण्यात जे आयुष्य गेलं ते परत येणार नाही.

घराबद्दल आधी उरकून टाकते. जुन्या मासेमारांच्या मोहल्ल्यात, मुरे म्हणतात त्याला, चढाची गल्ली, बोगनवेल, घरांना गुलाबी, पिवळे, गेरूचे रंग, फोटो काढून थकाल. घर स्वच्छ, किचन छान, पण तिसरा मजला आणि जिना असा की सूटकेस वर नेताना नवऱ्याला आठ दिवसांचं पुण्य लागलं. जाहिरातीत "समुद्र दिसतो" लिहिलेलं. दिसतो, खरंच दिसतो, बाथरूमच्या खिडकीतून, टाचा उंच करून. मालकांना मेसेज केला तर त्यांनी हसरा चेहरा पाठवला. बुकिंग करताना कुठल्या खोलीतून काय दिसतं ते विचारून घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताय तर किती पायऱ्या ते पण.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी वैतागून सकाळी आम्ही नुसतं किनाऱ्याने चालायला लागलो आणि तिथे ट्रिप बदलली. शेजारच्या आर्जेलेस गावाच्या वाळूच्या टोकाला ल राकू म्हणून वस्ती आहे, तिथून थेट स्पेनच्या हद्दीपर्यंत समुद्राच्या कडेने पायवाट जाते, साधारण ३२ किलोमीटर. आणि मजा अशी की त्याच किनाऱ्याने रेल्वेलाइन पण जाते, आर्जेलेस, कोल्यूर, पोर-व्हाँद्र, बान्यूल्स, सेर्बेर अशी ओळीने स्टेशनं. म्हणजे काय, एका बाजूने चाला, पाय दुखले की पुढच्या स्टेशनवर ट्रेन पकडून पाच-दहा मिनिटांत घरी. ज्याला चालायचं नाही त्याने ट्रेनने पुढे जाऊन कॅफेत बसावं. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी इतकं मनावर घेतलं की चौथ्या दिवशी पोर-व्हाँद्रचा वेटर त्यांना ओळखायला लागला. फक्त ट्रेनची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा, दुपारी मध्ये मोठी गॅप असते, आणि स्टेशनवर सावली जेमतेम.

सगळ्यात सोपा टप्पा कोल्यूर ते ल राकू, आरामात दोन तास. ज्या मीरादू किल्ल्याच्या खालून वाट निघते तिथे फ्रेंच सैन्याचं कमांडो ट्रेनिंग चालतं, आम्ही आइस्क्रीम चाटत असताना समोरच्या खाडीत दहा-बारा पोरं कपड्यांसकट पोहत होती, लेक म्हणाली ह्यांना कोणी शिक्षा दिलीय का. मध्ये उई नावाची छोटी खाडी लागते, तिथे डुबकी मारा, आणि शेवटी ल राकूला पोचलात की खरी वाळू! पुढे आर्जेलेसचा बीच मैलोन्मैल सपाट, बारीक वाळूचा. मुलं लहान असतील तर माझ्या मते मुक्कामच आर्जेलेसला करा आणि कोल्यूरला नुसतं फिरायला या. हा सल्ला मला कोणी दिला असता तर पहिल्या दिवशीचं भांडण वाचलं असतं.

त्या वाळूवर बसताना एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. १९३९ च्या फेब्रुवारीत स्पेनचं यादवी युद्ध हरलेले लाखो लोक डोंगर ओलांडून इकडे आले तेव्हा फ्रान्सने ह्याच आर्जेलेसच्या वाळूवर तारा ओढून त्यांना कोंडलं होतं, सुरुवातीला डोक्यावर छप्पर पण नव्हतं, ऐन थंडीत. गावात त्याचं छोटं म्युझियम आहे. कवी आंतोनियो माचादो पण त्याच लोंढ्यात आला, कोल्यूरच्या एका साध्या हॉटेलात उतरला आणि महिनाभरात, २२ फेब्रुवारीला गेला, तीन दिवसांनी त्याची आई पण. दोघं गावच्या स्मशानात आहेत, बाजारापासून दोन मिनिटांवर. थडग्याशी चक्क पत्रपेटी आहे, लोक अजून त्याला पत्रं लिहितात. आम्ही गेलो तेव्हा दगडावर शाळेच्या वहीचं फाडलेलं पान होतं, उडू नये म्हणून वर गोटा ठेवलेला, स्पॅनिशमध्ये पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, येताना बाजारातून घेतलेल्या फुलांमधलं एक ठेवून आल्या.

दुसरा टप्पा, आणि माझा सगळ्यात आवडता, पोर-व्हाँद्र ते पोलीय, काप बेआर नावाच्या भूशिराला वळसा घालून. तीन-साडेतीन तास धरा, पाणी माणशी दीड लिटर तरी, कारण वाटेत दुकान नाही आणि झाड पण नाही. ही वाट म्हणजे पाटीसारख्या काळ्या दगडातून वर-खाली, एका बाजूला सरळ समुद्र. टोकाला दीपगृह आहे १९०५ चं. तिथे वारा काय असतो ते सांगून कळणार नाही. इकडे त्राँमोंतान नावाचा कोरडा वारा वायव्येकडून सुटतो, आकाश एकदम निळंशार आणि आपण मात्र तिरके. नवऱ्याची टोपी उडाली, त्याने नुसतं बघितलं, धावायचा प्रयत्न पण केला नाही. वारा असेल त्या दिवशी हा टप्पा लहान मुलांना घेऊन करू नका, मी मस्करी करत नाहीये, कडा उघडा आहे.

पण वळसा घालून खाली उतरताना बेर्नार्दीची खाडी दिसते आणि तिच्या पलीकडे पोलीय, आणि मग सगळं माफ. पोलीयची गोष्ट भारी आहे, इतक्या शांत खाडीवर डायनामाइटचा कारखाना होता! आल्फ्रेड नोबेलच्या लोकांनी १८७० मध्ये टाकला, शंभरेक वर्षं चालला, १९८४ मध्ये बंद. नंतर तिथे बोटींचा अड्डा आणि बंगले होणार होते, लोकांनी विरोध केला, मग किनारे वाचवणाऱ्या सरकारी संस्थेने जागा घेतली आणि आता २००८ पासून सगळ्यांना खुली, प्रवेश फुकट. कारखान्याची चिमणी आहे, कामगारांचं म्युझियम आहे, एका शेडमध्ये जुन्या कॅटलन लाकडी होड्या दुरुस्त करतात ते बघत बसता येतं. आणि समोर बीच, ह्या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर बीच. पाणी काचेसारखं. एकच, पोलीयला स्टेशन नाही, परत यायला बस किंवा पुढे बान्यूल्सपर्यंत अजून तासभर तंगडतोड. आमची बस समोरून गेली, पुढची दीड तासाने, त्यामुळे तंगडतोड.

बान्यूल्स कोल्यूरइतकं नटलेलं नाही, म्हणून मला जास्त आवडलं. म्हातारी माणसं झाडाखाली लोखंडी गोळ्यांचा पेताँक खेळतात, पर्यटकांकडे कोणी ढुंकून बघत नाही. शिल्पकार मायोल इथलाच. अटलांटिकपासून अख्खं पिरेनीज ओलांडून येणारी जीआर १० ही वाट इथे संपते, त्यामुळे संध्याकाळी एखादा दाढीवाला पाठीवर मोठी सॅक घेऊन बुटांसकट समुद्रात शिरताना दिसला तर दचकू नका. बान्यूल्स ते सेर्बेर ह्या मधल्या समुद्रात १९७४ पासून संरक्षित क्षेत्र आहे, ६५० हेक्टर, मासेमारीवर बंधनं, म्हणून मासे बिनधास्त. पेयरफित बीचला जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याखालची वाट आखलेली असते, तरंगणारे बोये, प्रत्येकाखाली माहिती, तुम्ही स्नॉर्केल लावून एकेक बघत जायचं. लेकीने दोन तास डोकं वर काढलं नाही. त्या दिवसानंतर तिने वाळूचा विषय काढला नाही.

डोंगराकडे बघितलं की सगळीकडे द्राक्षं, पायऱ्यापायऱ्यांची शेती, दगडी बांध नुसते रचलेले, सिमेंट नाही. उतार इतका की यंत्र चालत नाही, तोडणी हाताने. पावसाचं पाणी माती घेऊन जाऊ नये म्हणून बांधांतून दगडी चर काढलेत, वरून बघितलं तर तीन फाटे मधल्या एका चराला येऊन मिळतात, त्याला कॅटलनमध्ये कोंबड्याचा पाय म्हणतात. एकदा कळलं की मग दर वळणावर कोंबड्याचे पायच दिसायला लागतात. बान्यूल्सची गोड वाईन ह्याच द्राक्षांची, जेवणानंतर छोट्या ग्लासात घ्यायची, चॉकलेटबरोबर. मी वाईनवाली नाही पण एक बाटली आणलीच.

कोल्यूरहून मादलॉकचा बुरूज करायचा होता, तेराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला टेहळणी बुरूज, साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच डोंगरावर, पण राहिला. वारा आणि वणव्याचा धोका असेल त्या दिवशी डोंगरातल्या वाटा सरकार बंद करतं. रोजचा नकाशा प्रिफेक्चर, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, आदल्या संध्याकाळी टाकतं, तो बघूनच निघा, नाहीतर आमच्यासारखं सकाळी सहाला उठून पाटीपर्यंत जाऊन परत. त्याऐवजी पवनचक्की आणि सेंट-एल्म किल्ला केला, चांदणीच्या आकाराचा, तासाभरात वर, आणि पलीकडून पोर-व्हाँद्रला उतरता येतं. वरून गाव बघताना कळतं चित्रकार मातीस इथे का रमला. १९०५ च्या उन्हाळ्यात तो आणि देराँ इथे आले, समुद्र लाल, झाडं निळी अशी चित्रं काढली, पॅरिसच्या टीकाकाराने त्यांना जंगली जनावरं म्हणलं आणि त्यांच्या चित्रशैलीला तेच नाव पडलं. ज्या जागेवरून चित्र काढलं तिथे आता त्याची छापील प्रत लावलीय, गावभर अशा जागा आहेत. चर्चचा तो गुलाबी घुमटाचा मनोरा, पाण्यात पाय सोडून उभा असलेला, तो आधी बंदराचं दीपगृह होता.

खाण्याचं थोडक्यात. अँचोवी. खारवलेले, महिनोन्महिने मिठात मुरवलेले छोटे मासे, एकेकाळी गावात ह्याचे कितीतरी कारखाने होते, आता दोनच घराणी उरलीत. दुकानात बायका हाताने एकेक काटा काढताना दिसतात, अंगठ्याने पोटावरून असा झटका की कणा अख्खा बाहेर. चव बघायला देतात. मला आवडले, लेकीने तोंड वाकडं केलं, सासूबाई शाकाहारी त्यामुळे त्यांचा बुधवार-रविवारच्या बाजारावर भर, टोमॅटो, पीच, ऑलिव्ह, आणि रुस्की म्हणून पांढऱ्या साखरेचा थर दिलेली कडं मिळतात, लिंबाचा वास, चहात बुडवायला एकदम बेस्ट. बंदरावरची समोरासमोरची रेस्टॉरंट्स मात्र महाग आणि यथातथा, आम्ही एका ठिकाणी पंचवीस मिनिटं मेन्यूची वाट बघून उठलो. मागच्या गल्लीत जा.

पावसाचा किंवा पाय दुखण्याचा दिवस निघाला तर ट्रेनने दोन ठिकाणं. एक एल्न, जुना मठ आहेच, पण गावाबाहेरची ती हवेली बघा जिथे एलिझाबेथ आयडेनबेन्झ ह्या तरुण स्विस बाईने १९३९ ते १९४४ मध्ये छावण्यांतल्या गरोदर बायकांना आणून त्यांची बाळंतपणं केली, ५९७ बाळं. दुसरं पोर्टबोउ, बोगद्यातून स्पेनमध्ये. तिथे १९४० मध्ये नाझींपासून पळताना, बान्यूल्सहून डोंगर ओलांडून आलेला जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन मेला, त्याचं स्मारक म्हणजे गंजलेल्या लोखंडाचा जिना, अंधारातून खाली उतरत जातो आणि शेवटी काच, काचेपलीकडे खवळलेलं पाणी. नवरा बान्यूल्सहून डोंगरातून चालत गेला, बेन्यामिनच्याच वाटेने, अख्खा दिवस लागला, आम्ही ट्रेनने जाऊन त्याच्यासाठी सँडविच घेऊन थांबलो.

कधी जायचं तर मे-जून नाहीतर सप्टेंबर. आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो, सकाळी अकरानंतर गावात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ऑगस्टच्या मधोमध गावची जत्रा असते, १६ तारखेला आतषबाजी, त्या दिवशी तर विचारूच नका. घराला माझे साडेतीन स्टार, जिन्याचे अर्धा कापले. आणि पाण्यात घालायचे ते रबरी बूट घरूनच घेऊन जा, बंदरावरच्या दुकानात चौघांचे घेताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, सासूबाईंनी तर आपले अजून काढून ठेवले नाहीत, बाल्कनीत झाडांना पाणी घालताना घालतात.