कोळशावरचा ४७ सेंटिमीटर वॉटर स्मोकर: नागपूरच्या अंगणात कसा चालतो

मांस-मासे धुरावर मंद शिजवणाऱ्या या स्मोकरचा जीव मधल्या पाण्याच्या भांड्यात आहे. खाली कोळशाचं कडं, त्यावर भांडं, वर दोन जाळ्या आणि घुमटासारखं झाकण. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि उकळताना उष्णता शोषत राहतं, म्हणून आतलं तापमान १०५ ते १२० अंशांत तासन्‌तास टिकतं. भांडं कोरडं पडलं की मांसातून गळलेली चरबी त्यात जळते, धूर कडवट होतो आणि झाकणावरचा तापमानाचा काटा भराभर वर चढतो. मे महिन्यात दर दोन तासांनी बाजूच्या दारातून पाणी बघा. भर घालायची ती गरम पाण्याचीच, गार पाण्याने तापमान कोसळतं.

आपल्याकडचा बाभळीचा कोळसा चालतो, पण पोत्यातला चुरा चाळून काढा. चुऱ्याने हवा अडते आणि आग मधेच गुदमरते. मुठीएवढे तुकडे कड्यात पाऊण भरा आणि वर १५-२० पेटलेले निखारे ठेवा. आग वरून खाली सरकते आणि सहा-सात तास पुरते. रॉकेल अजिबात नको, त्याचा वास मांसात उतरतो. हवेच्या खालच्या तिन्ही झडपा आतलं तापमान ९५ अंशांपर्यंत जाईतो उघड्या ठेवा, मग पाव भाग उघड्या राहतील इतक्या आणा. वरची झडप कधीही बंद करू नका. कोंडलेला धूर काजळी होऊन मांसावर बसतो. पारा ४५ वर असताना स्मोकर सावलीत ठेवा आणि निखारे दहाच घ्या. उन्हात तापलेलं झाकण काट्याला फसवतं.

धुरासाठी काटोल-वरुडकडचं संत्र्याचं लाकूड उत्तम: नीट वाळलेलं, फवारणीची साल काढलेलं, मुठीएवढे दोन-तीन तुकडे. भिजवू नका. ओलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि दाट पांढरा धूर देतं. पातळ, निळसर धूर दिसू लागला की मगच मांस आत ठेवा.

मासे हे या यंत्राचं सगळ्यात चांगलं काम. नागपूरच्या ‘मंगळवारी बाजार’ या बाजारातून मरळ किंवा रोहू घ्या आणि अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे करून घ्या. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम मीठ घालून त्यात ते पाऊण तास ठेवा, पुसा आणि तासभर फ्रिजमध्ये उघडेच वाळवा. पृष्ठभाग किंचित चिकट झाला पाहिजे. धूर त्यालाच धरतो. ही पायरी टाळली तर मासा पाणी सोडतो आणि धुराचा रंग डागाडागांनी बसतो. जाळीला तेल लावून १०५ अंशांवर तास-सव्वा तास, आतून ६३ अंश झाला की काढा.

बोकडाचं मांस डुकराच्या मांसाइतकं चरबीदार नसतं, त्यामुळे चुकलं तर सुकतं. दीड किलोचा खांदा घ्या, किलोला १५ ग्रॅम मीठ लावून रात्रभर ठेवा. सावजी मसाला आधी चोळू नका. त्यातलं दगडफूल आणि धूर एकत्र आले की चव कडू होते. रस्सा वेगळा करून सोबत वाढा, जोडी फार छान जमते. मांसाच्या आतलं तापमान ७० च्या आसपास बराच वेळ अडकतं, कारण पृष्ठभागावरून ओलावा उडून मांस गार होत राहतं. घाबरून झडपा उघडू नका. थोडं यखनीचं पाणी घालून फॉइलमध्ये गुंडाळा. ९२-९५ अंशांना हाडापासून सुटतं. एकूण पाच तास धरा.

कोंबडी इथे जमते, पण कातडीसकट केली तर कातडी रबरासारखी राहते. तेव्हा भांडं रिकामं ठेवून फॉइलने झाका आणि १५० अंशांवर चालवा. आतून ७४ अंश हवेच. हाडाजवळचा गुलाबी रंग कच्चेपणाचाच असतो असं नाही, थर्मामीटरवर विश्वास ठेवा. मांसासोबत ठेवायची झाल्यास खालच्या जाळीवर, कच्चा रस दुसऱ्यावर गळायला नको.

दोष? झाकणावरचा काटा जाळीपाशी असलेल्या तापमानापेक्षा १०-१५ अंश चुकू शकतो, म्हणून तारेचा वेगळा थर्मामीटर घ्यावाच लागतो. दार नीट बसत नसेल तर तिथून हवा शिरते आणि आग आवरत नाही. हलकेच वाकवून बसवा. बंद गॅलरीत वापरू नका, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. झटपट तंदुरी हवी असेल तर साधी शेगडी घ्या, हा त्यासाठी नाही.

पावसाळ्यात राख तशीच राहू दिली तर ओल धरून तळाचा पत्रा खाते. थंड झाल्यावर राख काढा, भांडं रिकामं करा आणि कोळसा झाकणाच्या डब्यात ठेवा.