थोनेटची १४ नंबरची खुर्ची: जुन्या बाजारातून घ्यावी का?

ओशिवऱ्याच्या बाजारात ‘इराण्याच्या हॉटेलातली, ओरिजिनल’ म्हणून दाखवतील ती गोल बैठकीची खुर्ची आधी उलटी करून बघा. लाकूड वाकवून खुर्च्या करणाऱ्या थोनेट कंपनीच्या पेटंटची मुदत १८६९मध्ये संपली आणि कोनसारख्या कंपन्यांनीही तश्शाच खुर्च्या काढल्या. माझ्या खुर्चीच्या बैठकीच्या कड्याला आतून थोनेट नावाचा डाग दिलेला आहे, म्हणून मी चार पैसे जास्त मोजले.

पाठ सरळ आहे. चहा आणि ब्रून-मस्क्यापुरती उत्तम, पेपर घेऊन रेलायचं तर दुसरी बघा. वजनाला हलकी, केर काढताना मी एका हाताने उचलते.

आमच्या मिस्त्रींनी ती खोलली आणि म्हणाले, “ताई, यात सांधे कुठायत?” सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, संपलं! मागचे दोन्ही पाय आणि पाठीची कमान एकाच दांड्याची. बीच या युरोपातल्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं, आणि बाहेरचे तंतू ताणून फाटू नयेत म्हणून त्या बाजूला लोखंडी पट्टी आवळायची, ही मिखाएल थोनेटची युक्ती. ऱ्हाइनकाठच्या बोपार्डचा हा सुतार. धनकोंनी तिथली मालमत्ता जप्त केल्यावर १८४२मध्ये बिऱ्हाड व्हिएन्नाला हललं. १८५३मध्ये त्याने धंदा पाच मुलांच्या नावे केला, कारखाने काढले ते मोरावियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) बीचच्या जंगलांजवळ. ही खुर्ची १८५९ची. एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या सुट्या करून भरत आणि जिथे पोचतील तिथे जोडत. १९३०पर्यंत सुमारे पाच कोटी खपल्या. माझ्या मते ही कमाई वाकवलेल्या लाकडाइतकीच त्या दहा स्क्रूंची आहे.

नवीन हवी असेल तर दोन घरं आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर मोरावियातले कारखाने सरकारजमा झाले. त्यातल्या बिस्त्रिसेच्या कारखान्याचा माल आता ‘टॉन’ नावाने येतो. थोनेट कुटुंबाने जर्मनीत फ्रँकेनबर्गचा कारखाना पुन्हा उभा केला, त्यांच्याकडे हीच खुर्ची २१४ नंबरची.

डुगडुगली तर घाबरू नका, खालचे स्क्रू आवळा. बैठकीची वेताची जाळी मात्र खाली खचते, आणि विणणारा पटकन मिळत नाही. “प्लाय ठोकून देतो” म्हणणाऱ्याच्या हातात खुर्ची देऊ नका. चार तारे, पाचवा जाळीसाठी कापला.