बाळीवेशीतली कडक भाकरी : सहा महिने खाऊन सांगतोय

आधी व्यवहाराचं सांगतो. दहा भाकऱ्यांचा पुडा शंभर रुपयांना. ज्वारीची, बाजरीची आणि तीळ-जिरं लावलेली अशा तीन तऱ्हा, मेथीची कधीमधी. दुकान असं काही नाही. सोलापुरातल्या बाळीवेशीत एका बोळात घराच्या पुढच्या खोलीत अक्का आणि त्यांच्या दोन सुना थापतात. पाटी नाही, ओट्यावर पत्र्याचे मोठे डबे दिसले की तेच घर. सकाळी अकराच्या आत गेलात तर मिळते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत चार-पाच दिवस बंद.

सोलापुरात कडक भाकरीचं कौतुक कोण लिहिणार, असं वाटेल. मलाही वाटायचं. लहानपणापासून खातोय, कधी दोन ओळी लिहाव्या वाटल्या नाहीत. आता लिहितोय, कारण चार वर्षं जेवणाशी चाललेलं माझं भांडण या भाकरीमुळे बरंचसं मिटलं.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. वय सेहेचाळीस. पोट सुटलं, डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून दम दिला, आणि मी मोबाईलवर कॅलरी मोजायला लागलो. त्या ॲपमध्ये ‘ज्वारी रोटी, १ नग’ एवढंच. आमच्या आईची भाकरी आणि ढाब्यावरची भाकरी यांत निम्म्याचा फरक, नग कुठला धरायचा? मग साडेचार हजार भरून एक ऑनलाइन डाएट प्लॅन घेतला. त्यात संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. मी घरी पोचतो नऊला. आकडा ओलांडला की ॲप लाल व्हायचं, आणि आजचं खातं तोट्यात गेलंच आहे म्हटल्यावर मी उभ्या उभ्या आणखी दोन लाडू उडवायचो. कारखान्याच्या वह्यांत असा हिशेब केला असता तर मालकाने दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं.

त्याच नादात ‘माइंडफुल ईटिंग’चं एक ऑनलाइन सत्र केलं. एक बेदाणा हातात घ्यायचा, बघायचा, हुंगायचा, कानाशी धरायचा, मग जिभेवर ठेवून सावकाश चावायचा. हा प्रकार अमेरिकेतल्या जॉन कबाट-झिन यांच्या वर्गातून जगभर पसरला; मॅसॅच्युसेट्समध्ये १९७९ साली त्यांनी ताणाने आणि दुखण्याने बेजार झालेल्या रुग्णांसाठी तो सुरू केला होता. कल्पना वाईट नाही. बेदाण्याला देठाची बारीकशी खूण असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पण पाच मिनिटांत एक बेदाणा खाल्ला आणि सत्र संपल्यावर वाटीतले उरलेले मूठभर एकदम तोंडात टाकले. लक्ष देऊन खा म्हणून कुणी बजावलं, की माझं सगळं लक्ष बजावणाऱ्याकडे जातं.

भाकरी बजावत नाही. ती घाई करूच देत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही साध्या भाकरीपेक्षा पातळ थापतात, तव्यावर दोन्ही अंगांनी भाजतात आणि मग मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत ठेवतात. पापडासारखी वाजते. अक्कांच्या भाकरीचा काठही मधल्या भागाइतकाच पातळ असतो, हे खरं कसब. बऱ्याच ठिकाणी काठ जाड राहतो आणि दाताखाली दगड आल्यासारखं होतं. पीठ मालदांडी ज्वारीचं, मंगळवेढ्याकडून येतं असं त्या सांगतात. चवीवरून पटतं, चावत गेलं की शेवटी गोडसर लागते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काळ्या रानात, परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येणारं हे रब्बीचं पीक, त्याला वेगळी जाहिरात कशाला हवी! तरी हल्ली मोठ्या दुकानांत याच भाकरीच्या पाकिटावर ‘डाएट’ असं छापलेलं दिसतं तेव्हा मला राग येतो. डाएटवर असलेला माणूस भाकरी खात नाही, नियम खातो.

पहिल्या दिवशी मी पुडा कारखान्यात नेला. माझं दुपारचं जेवण एरवी सहा मिनिटांत उरकायचं. एक डोळा जीएसटीवर, एक मोबाईलवरच्या व्हिडिओवर. भाकरी तोडली, शेंगाचटणी आणि दही लावलं, चावायला लागलो, तर व्हिडिओतलं काही ऐकूच येईना. स्वतःच्याच डोक्यात गिरण सुरू! आवाज वाढवला, तरी तेच. शेवटी मोबाईल पालथा ठेवला. भाकरी मोडायला दोन हात लागतात, चुरा की-बोर्डवर पडतो म्हणून कॉम्प्युटरपासूनही लांब सरकावं लागलं. दीड भाकरी संपायला वीस-बावीस मिनिटं गेली. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात असं डॉक्टर सांगत होते. माझं जेवण तोवर केव्हाच उरकलेलं असायचं, निरोप घ्यायला घरात कुणी नाही.

अक्कांना हे सांगितलं तर त्या हसल्या. “अण्णा, हे काय पाव हाय व्हय, गिळायला? सावकाश खावा की.” त्या बेदाण्याच्या सत्रात मला हेच विकलं होतं.

पण माझं खरं काम झालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे, आणि ती कुठल्या सत्रात नव्हती.

माझी आई सांगोला तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती विशीत होती. खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी. त्या मिलोची भाकरी थापताना मोडायची आणि घशाखाली उतरायची नाही, हे ती आजही तोंड वाकडं करून सांगते. त्यामुळे आमच्या घरात कायदा एकच : पानात टाकायचं नाही. पोट भरलं असो नसो, ताट चाटूनपुसून स्वच्छ. मी स्वतःचं ताट संपवायचो, मग पोरांच्या ताटातलंही. ॲप म्हणायचं थांब, आई म्हणायची संपव. मधल्या मध्ये मी दोघांचाही गुन्हेगार. आणि आईला चूक कसं म्हणू? आमच्याच भागात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना खुलं केल्याची गोष्ट पोराटोरांना पाठ असते. इथे अन्न टाकणं म्हणजे नुसती वाईट सवय नव्हे.

साधी भाकरी ताटात उरली की आंबते, वातड होते, टाकावी लागते. कडक भाकरी उरली की डब्यात परत जाते. एवढंच. एका रात्री अर्धी भाकरी झाली आणि पोटाने पुरे म्हटलं. उरलेला अर्धा तुकडा, चटणी न लागलेला, मी हातात धरून बसलो. आईने बघितलं, काही न बोलता तो घेतला, फडक्यात गुंडाळला आणि डब्यात ठेवला. सकाळी आमटीत चुरून तिनेच खाल्ला. भूक संपली म्हणून मी जेवताना थांबलोय आणि घरात कुणाचा अपमान झाला नाही, असं बहुधा पहिल्यांदाच घडलं.

आता तक्रारी. पुड्याच्या तळाच्या दोन भाकऱ्या हमखास चुरा झालेल्या असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी खोका दिला तर पाच रुपये जास्त देईन. मीठ रोज सारखं नसतं, धाकटी सून थापते त्या दिवशी अळणी. पावसाळ्यात डबा घट्ट लावला नाही तर दोन दिवसांत सादळते. मग तव्यावर मंद आचेवर गरम करा, परत कुरकुरीत होते. टोकदार तुकडा हिरडीला टोचतो, मला दोनदा टोचला. कवळी असलेल्यांनी आमटीत किंवा दुधात भिजवूनच खावी, आई तशीच खाते.

आणि साखरवाल्यांनी फसू नये. शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढेच तंतू असतात हे खरं, पण बाकी बहुतेक पिष्टच. कडक केली म्हणून त्यातलं काही उडून जात नाही, फक्त पाणी जातं. सोबतची शेंगाचटणी तर कुटता कुटता तेल सुटेपर्यंत कुटलेली. चमचाभर पुरते. मी दोन चमचे घेतो आणि त्याची नोंद आता कुठेही करत नाही.

वजनाचं विचाराल तर काटा भाच्याला देऊन टाकला, त्यामुळे सांगता येणार नाही. पँट जुनीच येते. उभ्या उभ्या लाडू खाणं मात्र बरंच कमी झालं; खाल्ला तर बसून खातो, एक.

पाहुण्यांसाठी जास्त हव्या असतील तर अक्कांना दोन दिवस आधी सांगून ठेवा, आणि सुटे पैसे न्या, मोबाईलवर पैसे घेतात पण नेटवर्क त्या बोळात येत नाही. मेथीची घेऊ नका. कडवट लागते, आणि धाकट्या सुनेच्या हातची असेल तर वरून अळणी.