ह्यूमन लीग की हेवन १७?
इंग्लंडमधल्या शेफिल्डचा ह्यूमन लीग हा पॉप बँड १९८०मध्ये फुटला. नाव गायक फिल ओकीकडे राहिलं. सिंथेसायझरवाले मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श यांनी हेवन १७ हा नवा बँड काढला. त्यांचा गायक ग्लेन ग्रेगरी, जो खरं तर ह्यूमन लीगसाठीच आधी हवा होता!

ओकी बुडणार असंच वाटत होतं. दौरा तोंडावर आलेला, म्हणून त्याने नाइटक्लबात नाचणाऱ्या जोअ‍ॅन कॅथरॉल आणि सुझन सली या शाळकरी मुलींना घेतलं. ह्यूमन लीगच्या १९८१च्या 'डेअर' या अल्बमने बाजी मारली. हेवन १७चा त्याच वर्षीचा 'पेंटहाउस अँड पेव्हमेंट' खपात मागे पडला, पण त्यातला फंकी ठेका आणि राजकीय तिरकसपणा मला जास्त भावतो. पुढे मार्शने हेवन १७ही सोडलं. ओकी आणि त्या दोघी मात्र टिकून राहिल्या.